मन्स्टेडचे लव्हेंडर

लंडनच्या टेट कलासंग्रहालयाकडे एक छोटे तैलचित्र आहे. त्यात माणूस नाही, निसर्गदृश्य नाही. बुटांची एक जुनी जोडी तेवढी आहे. चामडे सुरकुतलेले, आकार पार बिघडलेला, वर्षानुवर्षे ओल्या मातीत वावरलेली. चित्रकार विल्यम निकोल्सन यांनी ते १९२० साली रंगवले. खरे तर ते या बुटांच्या मालकिणीचे व्यक्तिचित्र काढण्यासाठी गेले होते. पण शहात्तर वर्षांच्या त्या बाई दिवसाउजेडी चित्रासाठी बसायला राजी नव्हत्या. उजेड बागेसाठी असतो, असा त्यांचा हिशेब. अखेर व्यक्तिचित्र संध्याकाळी दिव्याच्या प्रकाशात काढायचे ठरले आणि दिवसाच्या रिकाम्या वेळात निकोल्सन यांनी त्यांचे बूटच रंगवून टाकले.

त्या बाई म्हणजे गर्ट्रूड जेकिल. इंग्लंड, युरोप आणि अमेरिकेतील मिळून सुमारे चारशे बागांचे आराखडे त्यांच्या नावावर आहेत. हजारांहून अधिक लेख आणि डझनभर पुस्तके वेगळीच. तरीही जगभरच्या रोपवाटिकांत आज त्यांचे स्मरण होते ते एका झुडपामुळे. ‘मन्स्टेड’ या नावाने विकले जाणारे ठेंगणे, लवकर फुलणारे लव्हेंडर हे सरे परगण्यातील त्यांच्या घराचे नाव घेऊन फिरते. भूमध्य समुद्राच्या काठच्या खडकाळ, कोरड्या डोंगरांवरचे हे झुडूप. इंग्लंडसारख्या दमट, सौम्य, समुद्राने वेढलेल्या देशात त्याला सुखाने नांदवायचे तर त्याची गरज नेमकी काय, हे ओळखावे लागते. जेकिलबाईंनी ते ओळखले. आणि ते ओळखण्याच्या वाटेवर त्यांना स्वतःची दृष्टी हळूहळू गमवावी लागली.

आडनावाविषयी थोडे सांगायला हवे, कारण ते वाचताच डॉ. जेकिल आणि मि. हाइड आठवणारच. संबंध आहे, पण फार गूढ नाही. गर्ट्रूड यांचे धाकटे भाऊ वॉल्टर हे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे मित्र. १८८६ साली आलेल्या त्या कादंबरीसाठी स्टीव्हन्सन यांनी मित्राचे आडनाव उचलले. कुटुंबात मात्र त्याचा उच्चार ‘जीकल’ असा होत असे.

गर्ट्रूड यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८४३ चा, लंडनच्या मेफेअर भागातला. वडील सैन्यातील निवृत्त कॅप्टन, घर खाऊनपिऊन सुखी. त्या पाच वर्षांच्या असताना कुटुंब सरे परगण्यातील ब्रॅम्ली या गावी राहायला गेले. तिथली वाळूची खोल पायवाट, झुडपी माळ, कुंपणातली रानफुले आणि झोपड्यांच्या दारांतली छोटी बागडी यांत त्यांचे बालपण गेले. श्रीमंतांच्या बागांत त्या काळी वेगळीच फॅशन होती. उष्ण देशांतून आणलेली, काचघरात वाढवलेली लाल, पिवळी, निळी रोपे उन्हाळ्यात भौमितिक वाफ्यांमध्ये गालिच्यासारखी बसवायची आणि थंडी पडली की उपटून टाकायची. खेड्यातल्या बायका मात्र दारात रोझमेरी, गुलाब, लव्हेंडर अशी पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी झाडे लावत. धुतलेले कपडे लव्हेंडरच्या कुंपणावर वाळत घातले की त्यांना सुगंध लागतो, ही आपल्याकडे कपाटात वाळ्याची जुडी ठेवण्यासारखीच युक्ती. मुलगी हे सगळे पाहात होती.

पण माळीण होण्याचा तिचा मुळीच विचार नव्हता. तिला चित्रकार व्हायचे होते. १८६१ साली, वयाच्या अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेत प्रवेश घेतला. चांगल्या घरच्या मुलीने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घ्यावे, ही त्या काळी सरसकट गोष्ट नव्हती. राष्ट्रीय कलादालनात बसून टर्नरच्या चित्रांच्या नकला करणे हा तिथला त्यांचा खरा अभ्यास ठरला. धुक्यातून पिवळा नारिंगीत कसा विरतो, करड्याच्या शेजारी निळा कसा उजळतो, हे त्यांच्या हाताने टिपून घेतले. १८६३ साली त्या पुरातत्त्वज्ञ चार्ल्स न्यूटन आणि त्यांच्या चित्रकार पत्नी मेरी यांच्याबरोबर ऱ्होड्‌स, तुर्कस्तान, ग्रीस असा प्रवास करून आल्या. पुढे १८७३-७४ चा हिवाळा अल्जिरियात काढला. भूमध्य समुद्राची ती किनारपट्टी त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिली. वर्षाचा निम्मा काळ कोरडा. माती नावालाच, बाकी दगड. आणि त्यातून वर येणारी करड्या पानांची, बोटांत चुरगळली की दरवळणारी झुडपे. अल्जिअर्सच्या आतल्या बाजूच्या उजाड टेकड्यांवर हिवाळ्यात फुलणारा जांभळट आयरिस त्यांना भेटला. पुढे इंग्लंडमध्ये तो वाढवताना त्यांच्या ध्यानात आले की, त्याला खतावलेली जमीन मानवत नाही. उबदार भिंतीच्या पायथ्याची हलकी जमीनच हवी.

भरतकाम, लाकडावरचे कोरीवकाम, चांदीचे नक्षीकाम, पुढे छायाचित्रण असे बाईंच्या हाताला काहीही वर्ज्य नव्हते. जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस यांच्याशी परिचय झाला होता. हाताने घडवलेल्या वस्तूचा आग्रह धरणाऱ्या त्या चळवळीत त्यांचे नाव होऊ लागले होते. मात्र डोळे लहानपणापासून अधू. लांबचे दिसायचे नाही. वस्तू अगदी डोळ्यांजवळ आणावी लागे. दुखणे वाढत गेले. १८९१ साली त्या जर्मनीतील वीसबाडेन येथे पागेनश्टेखर या नामांकित नेत्रवैद्याकडे गेल्या. निदान झाले ते वाढत्या तीव्र ऱ्हस्वदृष्टीचे. चित्रकला आणि भरतकाम बंद करा, हा सल्ला मिळाला. तेव्हा त्या ४७ वर्षांच्या होत्या. तीस वर्षांची साधना एका तपासणीत संपली.

त्यांच्या चरित्रातले हे वळण पुष्कळदा फार सोपे करून सांगितले जाते: ब्रश सुटला आणि खुरपे हाती आले. प्रत्यक्षात खुरपे आधीपासूनच हाती होते. १८७६ मध्ये वडील वारल्यानंतर आईने सरे परगण्यातच, गोडाल्मिंगजवळच्या मन्स्टेड येथे घर बांधले. तिथली बाग गर्ट्रूड यांनीच उभी केली होती. विल्यम रॉबिन्सन हे गालिचावजा वाफ्यांविरुद्ध कडाडून लिहिणारे संपादक. त्यांच्या ‘द गार्डन’ या साप्ताहिकात त्या १८८१ पासून लिहीत होत्या. आईच्या घरासमोरची पंधरा एकर त्रिकोणी जागाही त्यांनी १८८० च्या दशकाच्या प्रारंभीच विकत घेतली होती. वीसबाडेनहून परतल्यावर फरक पडला तो एवढाच की, जो छंद होता ते सर्वस्व झाले. सुईच्या टोकाएवढे काम डोळ्यांना झेपत नव्हते. साठ मीटर लांबीच्या ताटव्यात मात्र कडा पुसट दिसल्या तरी बिघडत नव्हते. रंगांचे मोठे पट्टे एकमेकांत कसे मिसळतात, हे क्षीण दृष्टीला कदाचित अधिकच कळत असावे. शिवाय कान आणि नाक शाबूत होते. पानांच्या नुसत्या सळसळीवरून झाड कोणते ते आपल्याला बहुधा ओळखता येते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. लव्हेंडरकडे त्या वळल्या, त्यातही या अधू डोळ्यांचा वाटा असावा, असे मानायला जागा आहे. हे झुडूप पाहण्याआधी हाताला आणि नाकाला कळते.

मन्स्टेडची ती पंधरा एकरे म्हणजे शेतकऱ्याने नाकारलेली जमीन. पाइन वृक्षांची तोड झालेला उतार, खाली हलकी, निकस वाळू. जमीन चांगली नाही, याविषयी बाईंची तक्रार असे आणि गुलाब, लिलीसाठी त्या तिच्यात खत-माती भरून भरून थकत. लव्हेंडरला मात्र हीच जमीन मानवली. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सौम्य सागरी हवामानात, म्हणजे जिथे थंडी कडाक्याची नसते, उन्हाळा भाजत नाही आणि पाऊस बारा महिने थोडाथोडा पडत राहतो अशा ठिकाणी, लव्हेंडर थंडीने क्वचितच दगावते. ते दगावते ओलीने. हिवाळ्यात मुळांशी पाणी साचून राहिले की मुळे कुजतात. दाट झुडपाच्या पोटात दमट हवा कोंडली की फांद्यांवर बुरशी चढते. म्हणून पहिली अट निचऱ्याची. वाळू किंवा बारीक खडी मिसळलेली, शक्य तर किंचित चुनखडीची जमीन. ती नसेल तर उंच वरंबा करून त्यावर लावणी. दुसरी अट उन्हाची. भिंतीच्या दक्षिणेची, दिवसभर सूर्य मिळणारी जागा. तिसरी अट ऐकून बागप्रेमींचा जीव हळहळतो: खत नाही. पोसलेले लव्हेंडर लुसलुशीत, उंच आणि विस्कटलेले होते. त्याचा सुगंध उतरतो आणि पहिल्याच ओल्या हिवाळ्यात ते मध्यभागी फाटते.

लावणी वसंतात करायची, म्हणजे हिवाळ्याच्या ओलीआधी मुळे पसरतात. ठेंगण्या जातीच्या कुंपणासाठी दोन रोपांत साधारण एक फूट अंतर. फुले सरली की ऑगस्टमध्ये छाटणी. पण कात्री हिरव्या भागातच थांबली पाहिजे, कारण जुन्या लाकडावरून हे झुडूप सहसा पुन्हा फुटत नाही. छाटणी चुकवली तर दोन-तीन वर्षांत खाली नुसत्या काटक्या उरतात. उन्हाळ्याअखेर कोवळ्या फांद्यांचे तुकडे वाळूत खोचले की नवी रोपे तयार होतात, आणि ती करावीच लागतात, कारण उत्तम निगा राखली तरी झुडूप फार वर्षे देखणे राहात नाही. कापणीची नेमकी वेळ जेकिलबाईंनी आपल्या पहिल्या पुस्तकात, १८९९ च्या ‘वुड अँड गार्डन’मध्ये, सांगून ठेवली आहे. तुऱ्यावरची मोजकीच फुले उमललेली असताना दांडा कापावा; उशीर केला तर वाळल्यावर फुले गळून पडतात. लव्हेंडरची ही कापणी त्यांच्या वर्षातला एक मोठा आनंद होता.

लव्हेंडर इंग्लंडमध्ये त्यांनी आणले किंवा रुजवले, असे मात्र कुणी समजू नये. ते तिथे शतकानुशतके होते. सरे परगण्याच्याच लंडनकडच्या टोकाला मिचम गावाभोवती अठराव्या शतकापासून अत्तरासाठी लव्हेंडरची शेते होती आणि लंडनच्या रस्त्यांवर त्याच्या जुड्या विकणाऱ्या बायकांची आरोळी प्रसिद्ध होती. शहर वाढत गेले तशी ती शेते घरांखाली गेली; उरलेल्या लागवडीला विसाव्या शतकाच्या आरंभी बुरशीच्या रोगाने गाठले. म्हणजे शेत मोडत होते, नेमक्या त्याच काळात जेकिल या झुडपाला बागेत नवी जागा करून देत होत्या.

ती नवी जागा करड्या रंगामुळे मिळाली, आणि त्यांच्या कामातला हा सर्वांत बुद्धिमान भाग आहे. मन्स्टेडचा त्यांचा मुख्य ताटवा दोनशे फूट लांब आणि चौदा फूट रुंद होता. पाठीशी उंच दगडी भिंत. त्याच्या दोन्ही टोकांना करडी, निळसर पाने आणि फिकी फुले; तिथून मधल्या भागाकडे पिवळा, नारिंगी, भडक लाल असा रंग चढत जायचा आणि दुसऱ्या टोकाकडे पुन्हा उतरायचा. टर्नरच्या नकला वाया गेल्या नव्हत्या. याखेरीज त्यांनी ऑगस्टसाठी एक स्वतंत्र करडी बाग मांडली. लव्हेंडर, सँटोलिना, लोकरीसारख्या पानांचा स्टॅकिस, चंदेरी सिनेरारिया, त्यांत गुलाबी हॉलीहॉक, पांढऱ्या जिप्सोफिलाचे ढग आणि जांभळी क्लेमॅटिस. करड्या पानांवर बराच वेळ नजर ठेवली की पुढचा रंग अधिक टवटवीत दिसतो, हे तत्त्व त्यांनी १९०८ च्या रंगयोजनेवरील पुस्तकात तपशिलाने मांडले.

त्या यादीत आणखी दोन नावे होती, ती पाहून त्या काळच्या माळ्यांच्या भुवया उंचावल्या असतील: सी-केल आणि लाइम ग्रास. ही इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत आणि गोट्यांत उगवणारी रानरोपे. त्यांची पाने निळसर करडी का, आणि दूर भूमध्य डोंगरावरच्या लव्हेंडरचीही करडीच का? दोघांनाही ऊन, वारा आणि पाण्याचा तुटवडा सोसायचा असतो. पानांवरची मेणाची किंवा बारीक लवेची झिलई पाणी धरून ठेवते आणि तीच आपल्या डोळ्यांना करडी दिसते. दोन वेगळ्या देशांतल्या या झाडांचे दुखणे एक होते, म्हणून पथ्यही एकच चालले. रंगासाठी शेजारी आणलेली झाडे मातीच्या बाबतीतही एकमेकांची सोयरी निघाली. चित्रकाराचा डोळा आणि माळ्याचा हात इथे एकाच निर्णयावर येतात.

१८८९ साली एका परिचितांच्या घरी चहाला त्यांची वीस वर्षांच्या एका होतकरू वास्तुरचनाकाराशी गाठ पडली. त्याचे नाव एडविन लट्येन्स. ज्यांच्या नावाने आजही दिल्लीचा सत्ताधारी परिसर ओळखला जातो, तेच हे लट्येन्स. बाई पंचेचाळीसच्या. पुढची काही वर्षे दोघे घोडागाडीतून सरेच्या गल्ल्या पालथ्या घालत, जुन्या झोपड्यांचे दगड, छपरे, कुंपणे पाहात हिंडले. लट्येन्स त्यांना लाडाने ‘बम्प्स’ म्हणत. आईच्या मृत्यूनंतर १८९६-९७ मध्ये मन्स्टेड वुड हे बाईंचे स्वतःचे घर लट्येन्स यांनीच बांधले. बाग आधी आणि घर नंतर, असा तो उलटा प्रकार. पुढे शंभराहून अधिक ठिकाणी त्यांनी पायऱ्या, भिंती, हौद आखले आणि जेकिल यांनी त्यांत झाडे भरली. १८९७ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने व्हिक्टोरिया सन्मानपदक सुरू केले, तेव्हा पहिल्या साठ मानकऱ्यांत स्त्रिया दोनच होत्या. त्यांतल्या एक जेकिल.

या जोडीने समुद्राच्या अगदी तोंडावरही बागा केल्या. नॉर्मंडीतील व्हारांजव्हिल येथे कड्यावरच्या एका घराच्या बागेसाठी बाईंनी सल्ला दिला, डब्लिनजवळच्या लॅम्बे बेटावर लागवडीचे आराखडे पाठवले. सर्वांत विलक्षण जागा मात्र नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरची. भरतीच्या वेळी हे बेट मुख्य भूमीपासून तुटते. ‘कंट्री लाइफ’चे संस्थापक एडवर्ड हडसन यांनी तिथला जुना किल्ला घेऊन लट्येन्स यांच्याकडून तो राहता करून घेतला. किल्ल्यासमोरच्या उघड्या माळावर, चारी बाजूंनी दगडी भिंत घातलेल्या एका इवल्या चौकोनात जेकिल यांनी १९११ मध्ये बाग आखली. उत्तर समुद्राचा वारा तिथे झाडे उभी राहू देत नाही; भिंतीच्या आत मात्र दगड दिवसभर ऊब साठवतो आणि उन्हाळा पुरता रंगतो. ती बाग नॅशनल ट्रस्टने मूळ आराखड्यानुसार पुन्हा लावली. सॉमरसेटमधील हेस्टरकूमची बाग त्याहून खूप मोठी. पश्चिमेकडच्या त्या ओलसर, उबदार पट्ट्यात बाईंनी एक अख्खी ‘करडी वाट’ आखली. लव्हेंडर, रोझमेरी, सँटोलिना, कॅटमिंट यांच्या दाट रांगा, आणि त्या उंच, पाणी न थांबणाऱ्या गच्चीवर. ही बाग मध्यंतरी मोडकळीला आली होती. १९७३ पासून तिचा जीर्णोद्धार झाला, तो माळ्याच्या कोठीतल्या खणात सापडलेल्या जेकिल यांच्याच आराखड्यांच्या आधाराने.

सौम्य किनारी हवामान म्हटले की मुंबई-कोकणातल्या वाचकाला आपले घर आठवणे स्वाभाविक आहे. मात्र सौम्य या शब्दाने फसू नये. नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर वर्षभरात पडतो त्याहून अधिक पाऊस मुंबईत साधारणपणे एकट्या जुलैत पडतो. हिवाळ्यात हौसेने आणलेली लव्हेंडरची कुंडी आपल्या गच्चीत श्रावण पाहात नाही, त्यात हाताचा दोष नसतो. आपल्या देशात या झुडपाने धरलेली जागा जम्मू-काश्मीरमधल्या भदरवाहच्या डोंगरउतारांची आहे.

उतारवयात जेकिल मन्स्टेड सोडून क्वचितच बाहेर पडत. लांबची बाग असेल तर मालकाने जागेचे मोजमाप आणि मातीचा नमुना टपालाने पाठवायचा. बाई भिंग धरून आराखडा करायच्या आणि स्वतःच्या रोपवाटिकेतली रोपे रवाना करायच्या. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या फ्रान्समधील काही दफनभूमींसाठीही त्यांनी लागवड आखून दिली; थडग्यांच्या रांगांपुढे गावातल्या दारची साधी, बुटकी फुले असावीत, अशा बेताने. डोळे आता जवळजवळ मिटत आले होते.

१९३२ च्या सप्टेंबरात धाकटे भाऊ हर्बर्ट वारले. ८ डिसेंबरला गर्ट्रूड गेल्या, वय ८९. जवळच्या बसब्रिज येथील चर्चच्या आवारात त्यांचे थडगे आहे. लट्येन्स यांनीच रचलेल्या त्या दगडावर कलावंत, माळी आणि कारागीर अशी त्यांची ओळख कोरलेली आहे. त्याच १९३२ साली नॉरफोकच्या किनाऱ्यावर, हीचम येथे लिन चिल्व्हर्स नावाच्या रोपवाटिकाकाराने सहा एकरांत लव्हेंडरची नवी शेती सुरू केली. मिचमला संपलेले पीक समुद्राजवळच्या हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत पुन्हा उभे राहिले, आणि टिकले.

जेकिल यांच्या बागांचे नशीब इतके चांगले नव्हते. मन्स्टेड वुडची मालमत्ता दुसऱ्या महायुद्धानंतर तुकड्यांत विकली गेली. आराखड्यांचा मोठा गठ्ठा अमेरिकी उद्यानरचनाकार बिआट्रिक्स फॅरंड यांनी विकत घेतला, म्हणून वाचला. १९५५ साली तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संग्रहात गेला. ब्रिटनमधल्या बागा दुरुस्त करणाऱ्यांना त्यासाठी पुढे अटलांटिक ओलांडून विचारणा करावी लागली. मन्स्टेड वुड नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आले ते २०२३ मध्ये. बाईंच्या हातचे लव्हेंडर तिथे असण्याची शक्यता नाही. ते झुडूप एवढे जगतच नाही. रोपवाटिकांत ‘मन्स्टेड’ म्हणून मिळणारी रोपेही आता बहुतेक बियांपासून केलेली असतात, त्यामुळे एक वीतभर उंच तर शेजारचे दीड फूट, एक निळसर तर दुसरे जांभळट असा प्रकार होतो. ज्यांना एकसारखे कुंपण हवे असते, ते मनाजोगे एक रोप निवडतात आणि ऑगस्टअखेर त्याच्या फांद्या कापून वाळूत खोचतात.